हलगी वाजण्याआधी

चैत्र लागला की मावळात गावोगावच्या जत्रांच्या पत्रिका वाटायला सुरुवात होते. पाडव्याला तळेगावचा डोळसनाथ, मग पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातली गावं आपापल्या तिथीप्रमाणे. पत्रिकेत पालखी, भजन, तमाशा यांच्या खाली एक ठरलेली ओळ असते: दुपारी कुस्त्यांचा जंगी आखाडा. ती वाचली की तालमीतल्या पोरांची नजर इनामाच्या आकड्यावर जाते. माझा हात मानेकडे जातो.

पवन मावळातल्या एका गावच्या मैदानात माझी कुस्ती ऐनवेळी जोडली होती. नेमलेला गडी आलाच नाही, म्हणून पंचांनी गर्दीतून दुसरा उभा केला. वजनात माझ्यापेक्षा उघड उघड भारी. मी दुपारभर उन्हात बसून होतो, अंग आखडलेलं, पोटात जत्रेचं जेवण. खडाखडी बरी झाली, एकदा त्याचा पटही मी सोडवला. मग दम तुटला. त्याने ढाक भरली तेव्हा डाव मला स्पष्ट दिसत होता, पण तोड करायला हात उचलेना. डोक्यावर आपटलो, हनुवटी छातीत रुतली आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. त्यानंतर जे झालं ते पडण्यापेक्षा वाईट. दोन जाणत्या म्हणवणाऱ्यांनी मला बसवलं आणि ‘मान मोकळी करतो’ म्हणून दोन्हीकडे मुरगाळली. नस दबली होती, ती आणखी दुखावली. तो हंगाम गेला, पुढचाही गेला. चहाचा कप डाव्या हाताने धरायला बराच काळ धजत नव्हतो.

पुढे तालमीत पोरांवर लक्ष ठेवायला लागलो आणि मैदानात पंच म्हणूनही बसलो. तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहतोय. ताज्या अंगाचा मल्ल हरतो, पण सहसा मोडत नाही. दुखापत होते ती दम गेल्यावर, कारण तेव्हा मान सैल पडते, गुडघा आत वळतो आणि पडताना हात टेकवला जातो. म्हणून तयारी म्हटली की मी आधी दम पाहतो. डाव नंतर.

आपल्याकडे दमाचं गणित पावसाशी बांधलेलं आहे. लोणावळ्याकडे असा पाऊस कोसळतो की हौद्यातली माती आंबते. त्या दिवसांत पोरं भातलावणीला चिखलात दिवसभर वाकलेली असतात. त्यांच्या कमरेवर वरून लढतीचा भार टाकू नये. जोर, बैठका, दोर, मल्लखांब एवढं पुरे. पाऊस ओसरला की माती खणून उन्हं द्यायची, तेल, हळद, ताक, लिंबू घालून पुन्हा मळायची. हौदा खोऱ्याने खणायचं काम धाकट्यांवर ढकलू नका. जुन्या वस्तादांनी ते लढतीआधी ठेवलं होतं ते उगीच नाही: खणताना खांदे, कंबर, पोटऱ्या सगळं तापतं आणि माती भुसभुशीत झाल्यामुळे पडणंही मऊ होतं. घाम फुटल्याशिवाय कुणाच्या हाताला हात लावायचा नाही, हा आमच्या तालमीचा नियम आहे.

डोंगर आहेत म्हणून पोरं धावायला बाहेर पडतात, कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्या, लोहगडाची वाट. चढ धावा, जरूर धावा. उतार चालत या. उतारावर पळून गुडघे घालवलेले पैलवान मी ओळखतो, आणि त्यांतल्या कुणाला चढाने काही केलेलं नाही. मानेची मेहनतही हळूहळू वाढवायची. आधी हाताने रोध देऊन चारी बाजूंना ढकलायचं, मग हात टेकून पूल, आणि काही महिन्यांनी नुसत्या मानेवर. पहिल्याच आठवड्यात मानेवर पूल करून दाखवणाऱ्या पोराचं कौतुक करू नका, त्याला खाली घ्या.

आता लढत. आमच्याकडे रोजची लढत निकालीच्या त्वेषाने करायची खोड आहे, आणि ती मोडायला मला फार कष्ट पडले. रोज कुणाला तरी चीत करायचंच असेल तर पोरगं येतो तोच डाव मारत बसतं. मी जोड बदलत ठेवतो. आज बरोबरीचा, उद्या वरचढ, परवा धाकटा. वरचढाकडून बचाव शिकायचा, धाकट्यावर नवीन डाव बसवायचा, आणि धाकट्याशी अर्धी ताकद वापरायची. काही लढती मुद्दाम खालून सुरू करतो: एक जण मातीवर, दुसरा पाठीवर कब्जा घेऊन. खाली सापडल्यावर घाबरायचं नाही हे खाली सापडूनच कळतं. आणखी एक. ज्यूदोत हात थोपटला की समोरचा सोडतो. आपल्या मातीत तशी रीत नाही, शरण जाणं म्हणजे नाक कापल्यासारखं. त्यामुळे मान अडकली तरी पोरं गप्प राहतात. लढतीआधी दोघांनी ठरवून घ्यावं, ‘बस’ म्हटलं की पकड तिथल्या तिथे सुटणार, आणि त्यावरून कुणी कुणाला हसणार नाही.

मॅट आणि माती यांची तयारीही वेगळी ठेवावी लागते. मॅटवर तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती, गुणांवर निकाल. तिथे वेग लागतो. गावच्या मैदानात निकाली कुस्ती लांबली की लांबतच जाते, पंच सोडवतील तेव्हा सुटते. खाशाबा जाधव मातीतून घडलेले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला मॅट त्यांना नवी होती, तरी सहावे आले. चार वर्षं मेहनत घेऊन १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. एवढ्या मोठ्या मल्लालाही जमीन बदलली तर वेळ द्यावा लागला. तालुक्याच्या शालेय स्पर्धेला आदल्या आठवड्यात पोराला पहिल्यांदा मॅट दाखवणाऱ्या गुरुजींनी हे लक्षात घ्यावं.

त्या स्पर्धांचंच दुसरं दुखणं म्हणजे वजन. वजनगटात बसायला मुलं पाणी तोडतात, दोन दोन स्वेटर घालून पळतात, थुंकत राहतात. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीला महिनाभराच्या आसपास तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना मेले, आणि त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलावे लागले. ती तर धडधाकट, तयारीची पोरं होती. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर पाणी तोडूच नका. जेवण कुस्तीआधी तीन तास, आणि हलकं. मटण कुस्ती झाल्यावर. दम वाढतो म्हणून कुणी इंजेक्शन पुढे केलं तर त्या माणसाला तालमीच्या उंबऱ्याबाहेर काढा, मग तो कितीही मोठा देणगीदार असो.

भीतीबद्दल मात्र तालमीत कुणी बोलत नाही. शड्डू ठोकणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा असतो, माझ्याही असायचा. भीतीने श्वास वर चढतो, छातीतच अडकतो, आणि कुस्ती सुरू व्हायच्या आत निम्मा दम खर्च होतो. यावरचा उपाय मला लोणावळ्यातच मिळाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायाम, बंध, क्रिया यांचे शरीरावर काय परिणाम होतात हे यंत्रांनी तपासायला घेतलं. हे स्वामी मुळात बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. तेव्हा श्वासाचा अभ्यास आणि मेहनत यांचं नातं आमच्या दारात शंभर वर्षांपासून आहे, आम्हीच तिकडे पर्यटकांची जागा म्हणून पाहतो. मी पोरांना साधं करायला लावतो. नाव पुकारायच्या आधी सावलीत उभं राहायचं, चार आकड्यांत श्वास घ्यायचा, आठ आकड्यांत सोडायचा. लांब सोडलेल्या श्वासाने छातीची धडधड उतरते. कुस्तीत खाली दाबलं गेल्यावरही श्वास कोंडायचा नाही, बारीक का होईना सोडत राहायचा. हे घरी खाटेवर बसून जमतं, हलगीच्या गजरात जमत नाही. म्हणून आम्ही महिन्यातून एखादी लढत हलगी लावून, बघे जमवून करतो. पोरं पहिल्या वेळी डावच विसरतात.

भीतीपेक्षा राग वाईट. भावकीचा, शेजारच्या गावाचा, मागच्या वर्षीच्या निकालाचा राग घेऊन पोरगं उतरलं की ते कानशिलात मारायला बघतं आणि स्वतःची कंबर उघडी टाकतं. अशा दिवशी मी त्याला लढत देत नाही, खोरं देतो.

थोडक्यात उरलेलं. कान सुजला तर घरी सुई टोचू नका, डॉक्टरकडे लवकर जा, नाहीतर तो कायमचा गोळा होतो. गजकर्ण दिसलं की बरं होईपर्यंत हौदा बंद. डोक्याला मार लागून भोवळ आली, ओकारी झाली, तर त्या दिवसाची कुस्ती संपली. मानेला लागून हातापायांत मुंग्या आल्या तर पोराला आहे तिथेच निजवून ठेवा, मान हलू देऊ नका आणि कुणालाही ओढू-मुरगाळू देऊ नका.

जत्रा कमिट्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे. कुस्ती जोडताना दोघांचं वजन विचारा. अंदाजाने नको, धान्याच्या काट्यावर उभं करा, तो प्रत्येक गावात आहे. गडी ‘नाही’ म्हणाला तर माइकवरून त्याची टर उडवू नका. आणि यंदा पावतीपुस्तक काढाल तेव्हा हलगीवाल्यांची बिदागी, फेटे आणि इनाम यांच्या बरोबरीने दिवसभराच्या रुग्णवाहिकेचा खर्चही धरा.