गर्दीतील सहिष्णुता

सहिष्णुता म्हटले की आपल्याला संतांची शिकवण आणि थोरांची चरित्रे आठवतात. परंतु या गुणाची खरी परीक्षा होते ती गर्दीत.

अलिबागहून रेवदंड्यावरून मुरूडकडे जाणाऱ्या एस.टी.चेच उदाहरण घेऊ. तीत पाटी घेतलेली कोळीण असते, मुरूडचे मुस्लिम कुटुंब असते आणि घरी पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारे कोर्लईचे ख्रिस्तीही असतात. सण वेगळे, अन्न वेगळे, घरची भाषा वेगळी. तरी 'जरा सरका' एवढ्या दोन शब्दांवर बाकावर जागा होते. येथे प्रेम असतेच असे नाही. मासळीच्या वासाने नाक मुरडणारेही असतात. पण नाक मुरडूनही ते सरकतात, हे महत्त्वाचे.

भिन्नतेची ही सवय या किनाऱ्याला जुनी आहे. नवगावजवळ जहाज फुटून आपले पूर्वज येथे आले, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांचे वेगळेपण कोणी मोडू पाहिले नाही; त्याचे नावच पडले.

मग सहिष्णुता आपल्या मातीतच होती, असे म्हणून मोकळे व्हावे काय? सावित्रीकाठचे महाड तसे म्हणू देत नाही. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. कोर्टातील दाव्याचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले. परक्या धर्माच्या शेजाऱ्याला सामावून घेणारा समाज आपल्याच माणसाला ओंजळभर पाणी देत नव्हता.

यातून एक भेद स्पष्ट होतो. घरी आपण यजमान असतो. कोणाला बसवायचे, ते आपण ठरवतो. सार्वजनिक जागेत मात्र यजमान कोणीच नसतो. तेथे 'मी तुला सहन करतो' ही भाषाच चुकीची ठरते, कारण ती जागा देणाऱ्याच्या मालकीची नसतेच. महाडचा लढा पाण्यापुरता नव्हता. तो या तत्त्वासाठी होता.

म्हणून एस.टी.त शेजाऱ्यासाठी सरकताना आपण उपकार करीत नाही, त्याचा हक्क मान्य करतो. सौजन्य हे हक्काच्या पायावरच टिकते. तो पाया नसेल, तर सौजन्य म्हणजे केवळ बलवानाची लहर होय. आणि लहर केव्हा फिरेल, याचा नेम नसतो.