चव आणि शब्द

विद्यार्थी मित्रांनो, मराठी शिकताना तुम्हांला एक गंमत आढळली असेल. उर्दूत 'मीठा' म्हणजे गोड; पण मराठीत 'मीठ' म्हणजे नमक! शब्द कानाला ओळखीचा वाटतो, चव मात्र निराळीच. अशा गमती जपानी भाषेतही आहेत.

जपानीत मिठाला 'शिओ' म्हणतात. 'कराइ' म्हणजे तिखट. हे दोन शब्द जोडून 'शिओकराइ' हा शब्द झाला. त्याचा अर्थ खारट. टोकियोकडचे लोक बोलताना खारट पदार्थाला बहुधा 'शोप्पाइ' म्हणतात. ओसाकाकडे मात्र खारट पदार्थालाही नुसते 'कराइ' म्हणण्याची रीत आहे. समजा, तिकडची एखादी आजी म्हणाली, "आजचे सूप कराइ झाले." मग त्यात मिरची जास्त पडली की मीठ? नवख्या माणसाने ते विचारूनच घ्यावे.

'अमाइ' म्हणजे गोड. त्यावरून 'अमाजिओ' हा शब्द आला. शब्दशः अर्थ 'गोड मीठ'. पण त्यात साखर नसते! बेताचे मीठ लावलेल्या माशाला तो शब्द वापरतात.

कधीकधी अशी चूक महागात पडते. सोयाबीन आंबवून केलेला 'शोयु' जपानी स्वयंपाकात रोज लागतो. आपण त्याला सोया सॉस म्हणतो. त्याच्या एका प्रकाराचे नाव 'उसुकुची', म्हणजे फिका. उर्दूत 'फीका' म्हणजे कमी मिठाचा. म्हणून तुम्हांला वाटेल, यात मीठ कमी असेल. पण येथे फिका आहे तो रंग! नेहमीच्या गडद शोयुत सुमारे १६ टक्के मीठ असते, तर उसुकुचीत सुमारे १८ टक्के. रक्तदाबाच्या रोग्याने नावावर भरवसा ठेवला, तर त्याच्या पोटात जास्तच मीठ जाईल. त्याने बाटलीवर 'गेन-एन', म्हणजे 'मीठ कमी केलेले', हा शब्द शोधावा.

मुलांनो, शब्दाचा अर्थ पाठ करणे पुरेसे नाही. तो कोण, कोठे आणि कशाविषयी बोलतो, हेही पाहा. शंका आली तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

शब्दार्थ : बेताचे – योग्य तेवढे, नवखा – नवीन आलेला, महागात पडणे – नुकसान होणे.

स्वाध्याय
१. 'कराइ' या शब्दाचे दोन अर्थ लिहा.
२. 'उसुकुची' या नावामुळे कोणता गैरसमज होऊ शकतो?
३. उर्दू व मराठीत सारखे ऐकू येणारे, पण वेगळ्या अर्थाचे तीन शब्द शोधा.