कोर्लईचें ख्रिस्तमंदिर व त्याच्या छायेंतील बोली

अलिबागेहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता चौलावरून रेवदंड्यास पोहोंचतो. तेथें किनाऱ्यावर उभें राहून दक्षिणेस पाहिलें असतां कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे समुद्रांत शिरलेली एक अरुंद व लांबट टेकडी दिसते. तिच्यावर कोर्लईचा किल्ला आहे. तो पाहावयास पुष्कळ लोक जातात. परंतु पायथ्याच्या गांवांत कार्मेल पर्वताच्या मातेच्या नांवानें जें ख्रिस्तमंदिर आहे, त्याकडे त्यांपैकीं थोड्यांचेंच लक्ष जातें. किल्ल्यावरील तोफा केव्हांच मुक्या झाल्या. मंदिराभोंवतालच्या घरांत मात्र सोळाव्या शतकांत जन्मलेली एक बोली अद्याप बोलली जाते. तोफांना जें साधलें नाहीं, तें या लहानशा मंदिरास कसें साधलें, याचा विचार आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

कोर्लईची हकीकत समजण्यास प्रथम चौलाची हकीकत समजली पाहिजे. चौल हें फार प्राचीन बंदर होय. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याच्या ग्रंथांतील 'सिमुल्ला' तें हेंच, असें विद्वान् मानतात. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत त्याचें नांव 'चेमुल' असें आहे. पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानांत आला, तो याच बंदरीं उतरला. अशा भरभराटीच्या बंदरावर पोर्तुगीजांची दृष्टि न जाती तरच नवल. १५०८ सालीं चौलाच्या पाण्यांत मोठी लढाई झाली, व मिसर देशाच्या आरमाराशीं लढतां लढतां पोर्तुगीज व्हाइसरॉयाचा तरुण पुत्र लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. पुढें १५२१ सालीं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं तेथें किल्ला बांधण्यास आरंभ केला. आज आपण ज्यास रेवदंडा म्हणतों, तेंच त्यांचें चौल.

त्या तटबंद शहरांत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांचे मठ व मंदिरें उभीं राहिलीं. त्यांचे भग्नावशेष रेवदंड्याच्या नारळीपोफळींच्या बागांतून आजही दिसतात. लोक ज्यास 'सातखणी' म्हणतात, तो उंच मनोरा तर दुरूनच नजरेंत भरतो. १५७०-७१ सालीं मुर्तझा निजामशहानें शहरास मोठा वेढा घातला, पण शहर पडलें नाहीं. पुढें खाडीपलीकडच्या टेकडीवर निजामशाहीनें स्वतःचा किल्ला उभारण्यास घेतला. बंदराचें तोंड ज्याच्या हातीं, बंदरही त्याच्याच हातीं, हें दोन्ही पक्षांस ठाऊक होतें. १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं तो किल्ला हल्ला करून घेतला, आणि कोर्लईची टेकडी त्यांच्या अमलाखालीं आली.

इतिहासांत नांवें राहतात तीं सेनापतींचीं. परंतु तटाच्या आंत राहणारे सर्वच सेनापति नव्हते. पोर्तुगालहून येणारे बहुतेक शिपाई एकटे येत, व त्यांपैकीं अनेकांनीं येथील स्त्रियांशीं संसार मांडले. त्यांच्या घरीं व गोदींत काम करणारे चाकर, गुलाम, कोळी व कारागीर होते. त्यांतील पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. सर्वांनीं श्रद्धेनेंच धर्म स्वीकारला असें म्हणणें जसें धाडसाचें, तसेंच सर्वांवर तो लादला गेला असें म्हणणेंही धाडसाचें होईल. राज्यकर्त्यांचा धर्म घेण्यांत लाभ होता आणि त्या काळीं सत्तेचा दाबही होता, ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तथापि ज्यांनीं तो धर्म घेतला, त्यांच्या वंशजांनीं राज्यकर्ते निघून गेल्यावरही तो टाकिला नाहीं, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

या गरीब लोकांच्या तोंडीं धन्याची पोर्तुगीज भाषा पडली. पण ती जशीच्या तशी राहिली नाहीं. तिचे प्रत्यय गळाले, शब्द आंखूड झाले, व वाक्याची ठेवण मराठीच्या वळणावर गेली. बोलणारे तिला 'नॉलिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. 'नॉस्सा लिंग्वा' या पोर्तुगीज शब्दांचेंच तें संक्षिप्त रूप होय. पोर्तुगीजांत सामान्यतः क्रियापद आधीं व कर्म मागून येतें. या बोलींत मराठीप्रमाणें कर्म आधीं व क्रियापद शेवटीं येतें. पोर्तुगीज क्रियापदांचे आकारान्त, एकारान्त व ईकारान्त असे तीन गण तिनें ठेविले, आणि मराठींतून घेतलेल्या क्रियापदांकरितां चौथा ऊकारान्त गण स्वतः निर्माण केला. तेव्हां ती 'मोडकी पोर्तुगीज' आहे असें जे म्हणतात, ते चुकतात. ज्या भाषेस परक्या शब्दांसाठीं स्वतंत्र गण करण्याची बुद्धि आहे, तिला व्याकरण नाहीं असें कोण म्हणेल?

आतां १७३९ सालाकडे वळूं. त्या वर्षीं चिमाजी आप्पानें वसई जिंकली, हें प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ आहे. वसई पडल्यावर उत्तरेकडील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला, व १७४० सालीं इंग्रजांच्या मध्यस्थीनें झालेल्या तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांस मिळालीं. ज्यांच्यापाशीं द्रव्य होतें, गलबत होतें, नात्यागोत्याचें पाठबळ होतें, ते गोव्यास निघून गेले. रेवदंड्याचीं भव्य मंदिरें ओस पडलीं व त्यांच्या भिंतींवर वड-पिंपळ रुजले. जे गरीब होते ते मागें राहिले, व खाडीपलीकडे कोर्लईच्या टेकडीच्या कुशींत त्यांची वस्ती टिकली. आतां त्यांना राजा नव्हता, शिपाई नव्हते, पोर्तुगीज शेजारी नव्हते. होतें तें केवळ एक मंदिर.

येथेंच मंदिराच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला, असें आम्हांस वाटतें. पूर्वीं पोपांनीं पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील ख्रिस्तमंडळींचा आश्रयदाता नेमिलें होतें. या व्यवस्थेस 'पाद्रुआदो' म्हणत. राज्य गेलें तरी ही व्यवस्था गेली नाहीं. त्यामुळें कोर्लईचा धर्मग्राम गोव्याकडच्या धर्माधिकाराशीं जोडलेला राहिला, आणि पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरु तेथें येत राहिले. मिस्सेची भाषा जगांत इतरत्र होती तशीच येथेंही लॅटिन होती. परंतु प्रार्थना, प्रवचन व धर्मशिक्षण पोर्तुगीज भाषेंत होई. बाप्तिस्म्याच्या वेळीं ती कानीं पडे, लग्नांत पडे, प्रेतयात्रेंतही पडे. घरची बोली व मंदिरांतील भाषा यांत अंतर होतें खरें. पण तें आपली घरची बोली व पुस्तकी मराठी यांतील अंतरासारखें होतें. मंदिरांतील भाषा ऐकून घरच्या बोलीस आधार मिळे. विहिरीस जसा झरा, तसा या बोलीस तो रविवारचा तास.

केवळ मंदिरामुळेंच बोली टिकली असें म्हणणें मात्र एकांगी होईल. कुंडलिकेची खाडी मधें असल्यानें गांव एकीकडे पडलें होतें. तिच्यावर रेवदंडा व साळाव यांस जोडणारा पूल १९८० नंतरच्या दशकांत झाला. शिवाय धर्म निराळा व जातीचीं बंधनें कडक. त्यामुळें बाहेर रोटीबेटीव्यवहार नव्हता व लग्नें आपसांतच होत. ज्या भिंतींनीं या लोकांस दूर लोटलें, त्याच भिंतींनीं त्यांची भाषा जतन केली, हें सांगतांना समाधानाबरोबर खेदही वाटतो.

या कारणांचें महत्त्व शेजारच्या उदाहरणांवरून कळून येतें. रेवदंड्यास बेने इस्राएल लोकांचें प्रार्थनामंदिर आहे. त्या लोकांनीं शब्बाथ पाळला, आपला धर्म टिकविला, पण घरची भाषा मराठीच केली. वसईच्या ख्रिस्ती समाजाची एक शाखा कादोडी अथवा सामवेदी बोलते, व ती मराठीचीच बोली होय. मुंबई-वसईकडे पूर्वीं पोर्तुगीज वळणाची बोली चालत असे. गोव्यांत जन्मलेले थोर भाषापंडित मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनीं १९०६ सालीं या उत्तरेकडील बोलींवर लिहिलें. पुढें मुंबई-वसईकडील ती बोली लोपली. दमणची बोली राहिली, परंतु दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालीं होतें. कोर्लईवर तो अंमल १७४० नंतर एक दिवसही नव्हता. राजाश्रयावांचून अडीचशें वर्षांहून अधिक काळ ही बोली जगली, हेंच तिचें वैशिष्ट्य.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत दोन मोठे बदल झाले. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला. व १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषा वापरण्यास मोकळीक दिली. त्या दशकांत कोर्लईच्या मंदिरांतून पोर्तुगीज गेली व मराठी आली. हा बदल योग्यच झाला, असें आमचें मत आहे. ज्या प्रार्थनेचा अर्थ पुरता कळत नाहीं, ती ओठांवर राहते. हृदयांत उतरत नाहीं. शाळा मराठी, बाजार मराठी, कचेरी मराठी. मग मंदिरानेंच परक्या भाषेस कां धरून बसावें? परंतु लाभाबरोबर हानिही झाली. बोलीचा झरा बंद झाला. १९९६ सालीं जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांचा कोर्लईच्या बोलीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, व दूरदेशींच्या विद्यापीठांत या लहानशा गांवाचें नांव पोहोंचलें. बोलणाऱ्यांची संख्या मात्र सुमारें आठशें ते हजार एवढीच सांगतात. आपल्या एखाद्या मोठ्या शाळेंत जितकीं मुलें असतात, तितकीच ही संख्या!

आतां बोलीचें भवितव्य मंदिराच्या हातीं नाहीं, सरकारच्या हातीं नाहीं. तें घरांतील आईबापांच्या हातीं आहे. मुलानें शाळेंत मागें पडूं नये, नोकरीस अडूं नये, म्हणून आई त्याच्याशीं मराठींत बोलूं लागते. तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पोटाचा प्रश्न भाषेच्या प्रश्नाहून निकडीचा असतो. परंतु एक भ्रम दूर करणें आमचें कर्तव्य आहे. दोन भाषा बोलणारें मूल दोहोंतही कच्चें राहतें, हा समज खरा नव्हे. कोर्लईचीं मुलें घरीं एक व शाळेंत दुसरी भाषा पिढ्यान् पिढ्या बोलत आलीं. मराठी शिकण्यासाठीं घरची बोली टाकावी लागत नाहीं. ती टाकली जाते ती बहुधा लाजेमुळें. आणि लाज कोण उत्पन्न करतो? वर्गांत उच्चारास हंसणारे आपणच.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, या लेखाचा शेवट आम्ही तुमच्यापाशीं आणून ठेवितों. तुमच्या वर्गांत कोणी आगरी बोलतो, कोणी कोळी, कोणी कादोडी, कोणी भिलोरी. त्याच्या तोंडीं नवा शब्द आला, तर हंसूं नका; त्याचा अर्थ विचारा व वहींत लिहून घ्या. तुमच्या स्वतःच्या आजीस विचारा कीं, तिच्या लहानपणीं चुलीवरच्या भांड्यांना, होडीच्या भागांना, पावसाच्या प्रकारांना काय काय म्हणत. आणि तुमच्या गांवांत जुनें मंदिर असो, मशीद असो, देऊळ असो वा प्रार्थनागृह असो, तें कोणीं बांधलें एवढेंच विचारून थांबूं नका. बांधणारे निघून गेल्यावर त्यांत दिवा कोणीं लावला, हेंही विचारा. रेवदंड्याचीं मंदिरें धनिकांनीं बांधलीं, तीं आज पडकीं आहेत. कोर्लईच्या मंदिरांत दिवा लावणारे गरीब होते. दर वर्षीं सोळा जुलैस, भर पावसाळ्यांत, कार्मेल मातेचा सण येतो. त्या दिवशीं मंदिरांतली प्रार्थना मराठींत असते. बाहेर पडल्यावर अंगणांत जें बोलणें चालतें, तें अजूनही 'नॉलिंग'च असावें, अशी आमची इच्छा आहे.