गृह आणि परिग्रह

वाचक माळकरी मंडळींपैकी पुष्कळांवर सध्या हा प्रसंग आलेला आहे. गावाकडचा वाडा पडला किंवा वाटणीत गेला, मुलगे नोकरीच्या गावी राहिले आणि साठी-सत्तरीतली नवराबायको दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन बसली. कीर्तन आटोपल्यावर अशी माणसे आम्हांला गाठून विचारतात, "महाराज, घर एवढंसं झालं, आता परमार्थ कसा व्हायचा?" या प्रश्नाचा विचार आपण शब्दापासूनच करू.

'गृह' हा शब्द 'ग्रह्' या धातूपासून झाला. पाणिनीने त्यासाठी तिसऱ्या अध्यायात निराळे सूत्रच दिले आहे. ग्रह् म्हणजे घेणे, धरणे. धान्य, भांडीकुंडी, माणसे यांना जे सामावून घेते ते गृह. याच धातूला 'परि' हा उपसर्ग लागला की 'परिग्रह' होतो. परि म्हणजे चहूबाजूंनी. घर आपल्याला धरते तोवर ते गृह, आपण घराला चहूबाजूंनी कवटाळून बसलो की तो परिग्रह. पतंजलींनी जे पाच यम सांगितले त्यांत शेवटचा अपरिग्रह आहे, तो या कवटाळण्याविरुद्ध आहे.

येथे कोणी शंका घेईल की, हे योग्यांचे झाले. आम्ही प्रापंचिक, आम्हांला चार वस्तू नकोत का? हव्यात ना! पण किती, याचे शिक्षण वारकऱ्याला वारीतच मिळालेले असते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, ती आषाढ शुद्ध दशमीला पंढरीच्या वेशीत येते. तेवढे दिवस एक वळकटी, दोन जोड कपडे, ताट, तांब्या, टाळ आणि हरिपाठाची पोथी एवढ्यावर आपला संसार चालतो. राहुटीत आपल्या वाट्याला अंथरुणापुरतीच जागा येते. तिथे 'जागा पुरेना' म्हणून कोणी परत गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मग त्याच माणसाला दोन खोल्यांत अडचण का व्हावी?

अडचण जागेची कमी आणि टाकण्याची जास्त असते. येथे तुकोबारायांचे चरित्र नीट पाहावे. महाराजांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कथेतला पुढचा भाग घाईत सुटतो. त्यांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या, कान्होबांचा हिस्सा कान्होबांच्या हाती दिला आणि बुडवला तो फक्त आपला. भावाच्या वाटणीवर वैराग्य गाजवले नाही.

आमच्या पाहण्यात याच्या उलट फार घडते. घर बदलताना यजमानांना एकाएकी वैराग्य येते आणि त्याचा पहिला घाव बाईच्या फडताळावर पडतो. तिच्या माहेरचा पितळी डबा, सासूबाईंचे जाते भंगारात. यांची मासिकांची बाडे मात्र माळ्यावर शाबूत! अमरकोशाच्या नानार्थवर्गात परिग्रह शब्दाचा पहिला अर्थ 'पत्नी' असा दिला आहे. पाठशाळेत तो श्लोक घोकताना हसू यायचे. आता वाटते, कोशकाराने घर आवरणाऱ्यालाच इशारा देऊन ठेवला आहे. जिने चाळीस वर्षे ते घर चालवले, तिला प्रत्येक वस्तूविषयी आधी विचारावे. ती 'असू दे' म्हणाली तर असू द्यावी.

आता पंगतीची भांडी. मोठी पातेली, पराती, झारे, ओगराळी लहान घरात खाटेखाली जाऊन पडतात आणि हिरवी पडतात. ती दिंडीला किंवा गावच्या सप्ताहाला द्यावीत. मात्र देण्यापूर्वी कल्हई करून द्यावीत, नाहीतर ते दान कसले, तो आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या दारी! ग्रंथांच्या दुहेरी प्रती असतील तर वाचणाऱ्या हाती द्याव्यात. रोजच्या पाठाची पोथी रुमालात बांधून हाताशी ठेवावी. पखवाज ओल धरणाऱ्या भिंतीजवळ नको. समई पडद्यापासून दूर, आणि माणूस बाहेर जाताना ती पेटती नको. फ्लॅटमध्ये खिडक्या बंद असतात, हे वाड्यातल्या सवयीने विसरायला होते.

अतिथीचे कसे? मुंबईत 1920 नंतर उठलेल्या बीडीडी चाळींची खोली 160 चौरस फुटांची. 2025 पासून तिथल्या काही कुटुंबांना 500 फुटांची घरे मिळू लागली, पण मधली शंभर वर्षे त्याच खोल्यांतून गावचे पाहुणे निजले आणि गिरणीच्या पाळ्या सांभाळून भजनेही झाली. कारण अंथरुणे सकाळी गुंडाळली जात आणि मधली जमीन मोकळी होई.

ही मधली जमीन तेवढी राखावी. गीतेच्या सहाव्या अध्यायात साधकाला काय सांगितले आहे? शुद्ध जागा आणि एक स्थिर आसन, फार उंच नाही, फार खाली नाही. दालनाचे नाव नाही. नव्या घरात सोफा, टीपॉय, कपाट असे मांडत मांडत आपण ती आसनाची जागाच बुजवतो. सोफ्याऐवजी सतरंजी घातली, वळकटीचा लोड केला, की संध्याकाळी शेजारची पाचसात माणसे हरिपाठाला सहज बसतात. पहिल्या दिवशी दोघेच असाल. टाळ हळू वाजवावा, वरच्या मजल्यावर कोणाचे तान्हे मूल निजलेले असते. आणि जिन्यात भेटेल त्याला वेळ सांगून ठेवावी.