मॉलमध्ये नोकरीला लागण्याआधी

म्हैसूरमधल्या एका मोठ्या साखळी दुकानात मी काही वर्षं बिलिंगला होते. निपाणी, बेळगावकडची एखादी मुलगी इकडे आली की हमखास विचारते, "ताई, मॉलमध्ये लागू का?" मी तिला लाग म्हणूनच सांगते. पण थोडा वेळ बसवून घेते आणि पुढचं सगळं ऐकवते.

माझी बहीण शिवरामपेठेतल्या कापडाच्या दुकानात कामाला होती. मालक मायाळू होते, अडीनडीला उचल द्यायचे, गिऱ्हाईक नसलं की बसू द्यायचे. पगार मात्र रोख, कुठे नोंद नाही. दुकान बंद झालं तेव्हा इतक्या वर्षांच्या कामाचा एक कागद तिच्याजवळ नव्हता. माझा पगार बँकेत जमा व्हायचा, स्लिप मिळायची, पीएफ कापला जायचा. नव्या मुली कापलेल्या पैशांसाठी हळहळतात. पण तुमचे १२ टक्के जातात तेव्हा कंपनीलाही तेवढेच भरावे लागतात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमाही मिळतो. त्यासाठी आपला पाऊण टक्का जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते. आईचं ऑपरेशन केआरएस रोडवरच्या ईएसआय हॉस्पिटलात झालं, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी या नोकरीचं नाव वाईट घेणार नाही.

आता दुसरी बाजू. सगळ्यात आधी पाय जातात. काउंटरला खुर्ची नसते. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून येतात, घोटे सुजतात आणि वर्षा-दोन वर्षांत शिरा दिसू लागतात. दुकानातल्या कामगाराला बसायची सोय हवी, हे केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात घातलं, तेही केरळच्या कापड दुकानांतल्या बायका त्यासाठी लढल्या म्हणून. तुमच्याकडे स्टूल नसेल तर चौघींनी मिळून मागा. एकटीने मागितलं की "हिला काम नको" असं होतं.

दसऱ्याच्या दिवसांत वीक ऑफ रद्द होतो. शहर रोषणाईने उजळलेलं असतं आणि आपण आत ट्रॉल्यांच्या रांगेसमोर. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकान कायद्याप्रमाणे दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग ५ तासांनंतर तासभर विश्रांती, जादा तासांना दुप्पट मजुरी. आमच्याकडे आधी पंच आउट करायला लावायचे, मग बॅग तपासायच्या रांगेत उभं करायचे. तो वेळ कुठेच मोजला जायचा नाही. म्हणून आपले तास आपल्या वहीत रोजच्या रोज लिहा.

सगळ्यात जपायचं ते रात्रीच्या हिशोबाला. ड्रॉवर काढायचा, पाचशेच्या, दोनशेच्या, शंभरच्या नोटा वेगळ्या करायच्या, सकाळी दिलेले सुट्टे बाजूला ठेवायचे, कार्डच्या स्लिपा आणि यूपीआयची रक्कम जुळवायची. एकदा माझ्या ड्रॉवरमध्ये पैसे कमी भरले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच काउंटरवर माझ्या लॉगिनवर दुसरीला बसवलं होतं. तरी सुपरवायझरने शॉर्टेजचं रजिस्टर पुढे केलं आणि सगळी रक्कम माझ्या पगारातून गेली. कायदा असं सांगत नाही. हिशोबाची रक्कम तुमच्या हलगर्जीपणामुळे गेली असेल तरच कापता येते आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. दंड असेल तर तो पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. उठताना लॉगआउट करा, कितीही घाई असली तरी. रजिस्टरवर सही मागितली तर आधी स्वतःच्या अक्षरात लिहा, की त्या वेळात काउंटरला दुसरं कोण होतं.

आणखी एक. नेमणुकीच्या पत्रावर नाव कुणाचं आहे ते वाचा. दुकानाचा टी-शर्ट अंगावर असतो, पण पुष्कळ जणी एजन्सीच्या पेरोलवर किंवा एखाद्या ब्रँडच्या प्रमोटर असतात. एजन्सी बदलली की ग्रॅच्युइटीसाठी धरलेल्या वर्षांवरून वाद उभा राहतो.

माझं मत विचाराल तर, तरुणपणी तीन-चार वर्षं ही नोकरी जरूर करावी, बिलिंग सोडून स्टॉकचं आणि खरेदीचं कामही शिकून घ्यावं. वरची जागा मिळत नसेल, तर पाय धड असतानाच दुसरं काम बघावं. लागल्यावर पहिल्याच महिन्यात पीएफ खात्याचा यूएएन नंबर मागून घ्या आणि त्याचं पासबुक मोबाइलवर उघडून बघा. स्लिपवर कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल, तर पुढच्या पगाराची वाट न बघता पीएफ ऑफिसात लेखी तक्रार द्या.