विजेच्या धक्क्याने मृत्यू : अंगावर खूण नसली तरी कारण असते

१३ एप्रिल २०२३ च्या रात्री विरार पूर्वेच्या कारगिल नगरात बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक होती. सजवलेल्या गाडीवरचा लोखंडी रॉड रोहित्राला लागला. दोन तरुण जागीच गेले, बाकीचे काही भाजले. दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की आमच्या वटारकडच्या वस्त्यांतही त्या रात्रीची आठवण निघते. तेव्हा कोणीतरी म्हणतेच, "त्यांची वेळच भरली होती." कार्यकारणभाव शिकवणाऱ्या बुद्धाच्या उपासकांनी असे बोलू नये. या मृत्यूला कारण असते आणि ते शोधताही येते.

घरातली वीज २३० व्होल्टची. पण जीव घेतो तो शरीरातून वाहणारा प्रवाह. तो मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहा-पंधराला हाताचे स्नायू आखडून मूठ आवळली जाते आणि वायर सुटत नाही. "करंटने ओढून घेतले" म्हणतात ते हेच. छातीचे स्नायू आखडले तर श्वास थांबतो. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर हृदयातून गेले, तर हृदय ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरते. रक्त पुढे जात नाही, माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. कोरड्या, राठ हातातून दोन-तीन मिलिअँपिअरच जातील. तोच हात ओला असला आणि पाय ओल्या जमिनीवर अनवाणी असले, तर दोनशेच्या वर जाऊ शकतात. वाडीतली विहिरीवरची मोटर, पावसात पत्र्याला टेकलेली वायर, कपडे वाळत घालायची तार, पाणी शिरलेल्या घरातला फ्रिज, हे सगळे म्हणूनच धोक्याचे. रोहित्राकडे येणारी लाइन तर ११,००० व्होल्टची असते. ती हात न लागताही जवळच्या माणसावर झेप घेऊ शकते.

धक्का बसलेल्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. बाहेरची लाइन असेल तर लांबच थांबा आणि १९१२ वर फोन करून पुरवठा बंद करवा. वीज तुटल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. माणूस उठून बसला तरी त्याचा ईसीजी काढून घ्या.

एवढे करूनही जीव गेला तर पुढचा प्रश्न कुटुंबाच्या न्यायाचा असतो. "आता चिरफाड कशाला?" म्हणून अनेक घरे शवविच्छेदन नाकारतात. त्यांचे दुःख कळते, पण मृत्यू कशाने झाला याचा मुख्य पुरावा तिथेच निसटतो. प्रवाह शिरतो तिथे बहुधा बोटावर लहानसा खळगा दिसतो. कडा उंचावलेल्या, रंग पांढुरका. बाहेर पडतो तिथे, बऱ्याचदा तळपायाला, दुसरी खूण. त्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्यावर तारेच्या धातूचे कणही सापडू शकतात. मात्र अंग ओले असले तर एकही खूण उरत नाही, असेही होते. हृदयाची थरथरही मागे काही ठेवत नाही. व्हिसेरा कालिन्याच्या प्रयोगशाळेत जातो तो विषाची शंका फेडायला. त्यात वीज दिसत नाही.

म्हणून जागेचा पुरावा मोलाचा. वीज बंद झाल्यावर वायर, मोटर, मयताच्या चपला, कपडे जिथल्या तिथे राहू द्या. आधी फोटो काढा आणि पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत दुरुस्ती करू देऊ नका. घाईघाईने नवी वायर जोडली गेली की कोणाची चूक हे कळणे अवघड होते.

अपघाताची चौकशी राज्य शासनाचा विद्युत निरीक्षक करतो. तो वीज कंपनीचा नोकर नव्हे. २००३ च्या वीज कायद्यातील कलम १६१ खाली ही चौकशी होते. मध्य प्रदेशात पावसाळी रात्री रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एक सायकलस्वार गेला. तार दुसऱ्याच कोणी वीजचोरीसाठी ओढली होती, असा मंडळाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो फेटाळला. एवढी धोक्याची वस्तू पुरवणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाईची जबाबदारी येते, असे ठरवले.

तेव्हा शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि निरीक्षकाचा अहवाल, तिन्हींच्या प्रती लेखी अर्ज करून मागा, आणि अर्जाची पोच जपून ठेवा.