चाकाची पकड आणि एक छोटे बटण

वेगवान मोटारीच्या डॅशबोर्डवर, बहुधा गिअरच्या दांड्याजवळ किंवा सुकाणूच्या डाव्या-उजव्या बाजूस, एक छोटे बटण असते. त्यावर मोटारीचे लहानसे चित्र आणि तिच्या मागे नागमोडी दोन रेषा काढलेल्या असतात. वाहनकर्जाचा अर्ज भरताना गाडीची किंमत, अश्वशक्ती, मासिक हप्ता आणि विम्याचा हप्ता यांची चर्चा होते. या बटणाविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. गाडी घरी आल्यावर एखादा जाणकार मित्र सांगतो, "ते बंद केल्याशिवाय खरी गाडी कळायची नाही." आणि प्रश्न उभा राहतो. बटण चालू ठेवावे की बंद करावे?

या व्यवस्थेस ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. चाक जमिनीवरील पकड सोडून जागच्या जागी फिरू लागले तर त्याला आवर घालणे, एवढेच तिचे काम. वरकरणी हा केवळ हौशी मंडळींचा विषय वाटतो. परंतु भिलाईत राहणाऱ्यास तो परका वाटण्याचे कारण नाही. चाक आणि त्याखालचा पृष्ठभाग यांच्यातील पकडीवरच या गावाचा एक मोठा उद्योग उभा आहे.

रुळावरची पकड

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढील वर्षीच तेथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. २०१७ साली सुरू झालेल्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. असे दोन रूळ जोडून २६० मीटरचे पट्टे रेल्वेकडे रवाना होतात. या रुळावर रेल्वेचे चाक ज्या जागी टेकते ती जागा जेमतेम एका नाण्याएवढी असते. पोलादावर पोलाद, मध्ये रबर नाही, खडबडीतपणा नाही. तरीही तेवढ्याशा जागेच्या बळावर हजारो टनांची मालगाडी हलते.

डब्ल्यूएजी-९ या मालवाहू विद्युत इंजिनाचे उदाहरण घ्यावे. शक्ती ६,१२० अश्वशक्ती, वजन १२३ टन. जागेवरून निघताना हे इंजिन सुमारे ४७ टन वजनाइतक्या बळाने गाडी ओढू शकते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३८ टक्के. कोरड्या, स्वच्छ रुळावर पोलादाची पोलादावरील पकड वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. याचा अर्थ इंजिन पकडीच्या अगदी काठावर काम करीत असते. रूळ ओला झाला किंवा त्यावर तेलाचा थर आला, की मर्यादा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि चाके जागेवर फिरू लागतात.

जुन्या पद्धतीच्या इंजिनात चालक मीटरच्या काट्यावर आणि आवाजावर लक्ष ठेवून शक्ती कमी करीत असे आणि चाकाखाली कोरडी वाळू सोडीत असे. वाळूच्या पेट्या आजही इंजिनावर असतात व शेडमध्ये त्या भरल्या जातात. मात्र नव्या इंजिनांत प्रत्येक मोटरची गती संगणक पाहतो आणि चाक सुटू लागताच त्याची ओढ क्षणार्धात कमी करतो. कसारा आणि लोणावळा घाटांत १:३७ चा चढ असल्याने गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. या मागून रेटणाऱ्या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात, ही गोष्ट बँकेतील मंडळींना मौजेची वाटेल!

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. इंजिनाची चाके एकाच जागी फिरत राहिली तर त्या ठिकाणी रुळाचा माथा घर्षणाने लालबुंद होतो आणि लगेच खालच्या थंड पोलादामुळे झपाट्याने निवतो. कारखान्यात काळजीपूर्वक साधलेले पोलादाचे गुण तेथे नष्ट होऊन कडक पण ठिसूळ थर बनतो. पुढे त्यातूनच तडा जाऊ शकतो आणि रूळ तुटण्याची वेळ येते. काही क्षणांच्या घसरणीची किंमत पुढे भलत्याच गाडीला मोजावी लागते. म्हणूनच रेल्वेत घसरणनियंत्रण ही चालकाच्या आवडीनिवडीची गोष्ट मानली जात नाही.

मोटारीचे गणित

मोटारीत रबर आणि डांबर यांची गाठ असते. कोरड्या रस्त्यावर ही पकड वजनाच्या ८० ते ९० टक्के, ओल्या रस्त्यावर साधारण ५० टक्के, आणि चिखलात वा सैल मुरमावर आणखी कमी. आता मागील चाकांनी चालणारी, १,५०० किलो वजनाची एक स्पोर्ट्स कार घेऊ. मागील चाकांवर ५५ टक्के, म्हणजे ८२५ किलो भार आहे असे समजू. कोरड्या रस्त्यावर ही चाके सुमारे ७४० किलो वजनाइतकी ओढ रस्त्याला देऊ शकतील. ओल्या रस्त्यावर सुमारे ४१०. इंजिनाचे परिबल ४५० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरमध्ये एकूण बारा पट असे धरले तर चाकाच्या कडेला सुमारे १,६०० किलो वजनाइतकी ओढ उपलब्ध होते. वेग घेताना मागील चाकांवरील भार थोडा वाढतो आणि यंत्रात थोडी शक्ती वायाही जाते, हे मान्य केले तरी कोरड्या रस्त्यावरसुद्धा ती पकडीच्या जवळजवळ दुप्पट आणि पावसात चौपट ठरते. साध्या कौटुंबिक मोटारीत असा अतिरेक क्वचितच घडतो, म्हणून तिच्या मालकाला या प्रश्नाची झळ लागत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोलची रचना समजण्यास कठीण नाही. प्रत्येक चाकाजवळ गती मोजणारा संवेदक असतो. ज्या चाकांना इंजिन फिरवते ती इतर चाकांपेक्षा बरीच जलद फिरत आहेत असे दिसताच संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो किंवा सुटलेल्या चाकाला हलकासा ब्रेक लावतो. ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी एबीएस ही तिची थोरली बहीण. बॉशने विकसित केलेली ती व्यवस्था १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत आली. गाडी भिरभिरू लागल्यास तिला सावरणारी स्थैर्यनियंत्रण व्यवस्था, म्हणजे ईएसपी किंवा ईएससी, १९९५ मध्ये आली. योगायोगाने त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीजच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघाने २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना स्थैर्यनियंत्रण सक्तीचे केले. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे.

सामान्य चालकाचा गोंधळ होतो तो या तिन्हींच्या बाबतीत. अनेक गाड्यांत बटण एकदा दाबले की केवळ ट्रॅक्शन कंट्रोल शिथिल होते. काही सेकंद दाबून धरले तर स्थैर्यनियंत्रणही बंद होते. काही गाड्यांत एकाच दाबात दोन्ही जातात. एबीएस मात्र या बटणाने बंद होत नाही. आपल्या गाडीत नेमके काय होते हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पान उघडलेच जात नाही, ही गोष्ट वेगळी.

एकच शिल्लक, दोन धनादेश

टायरच्या पकडीचा हिशेब संयुक्त खात्यासारखा असतो. एकच शिल्लक; तीतून वेग वाढविणे वा कमी करणे हा एक खातेदार काढतो आणि वळणे हा दुसरा. फरक इतकाच की येथे साधी वजाबाकी नसून वर्गांची बेरीज करावी लागते. एकूण पकड १०० मानली आणि वळणासाठी ८० खर्च होत असेल, तर वेगासाठी २० नव्हे, ६० उरते. कारण ८० आणि ६० यांच्या वर्गांची बेरीज १०० चा वर्ग होते. वळणासाठी ९९ लागत असतील तर मात्र उरतात फक्त १४. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरासा जास्त पडला, की धनादेश परत येतो.

जून महिन्यातील पहिला पाऊस डोळ्यांसमोर आणावा. सुपेल्याकडून येणारी मोटार ग्रेट ईस्टर्न रोडवर डावीकडे वळत आहे. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीने कालवली गेली आहे. मुसळधार पावसाने रस्ता धुऊन निघतो. निसरडेपणा अधिक असतो तो या पहिल्या शिडकाव्यात. (रुळांचीही हीच कथा. दव आणि भुरभुर पाऊस हे इंजिनाला मोठ्या पावसापेक्षा जास्त छळतात.) बटण बंद आहे. चालक वळण पुरे होण्याआधीच वेग देतो. मागील चाके भिरभिरतात आणि फिरत्या चाकाला बाजूचा आधार उरत नाही, त्यामुळे गाडीची पाठ बाहेर फेकली जाते. घाबरून चालक पाय झटकन उचलतो. त्याबरोबर भार पुढे सरकतो, मागील चाके आणखी हलकी होतात आणि पाठ अधिकच फिरते. तो सुकाणू उलट वळवितो. तेवढ्यात टायर पुन्हा पकड घेतात आणि गाडी दुसऱ्या बाजूस झेप घेते. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते. शेजारून सायकलीवर पाळीला निघालेला कामगार जात असेल तर त्याला बाजूला होण्यासही अवधी मिळत नाही.

बटण चालू असते तर चाक सुटण्याच्या आरंभीच शक्ती आवरली गेली असती आणि चालकाला फार तर एक दिवा लुकलुकताना दिसला असता. अर्थात, या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट असल्या पाहिजेत. ती पकड निर्माण करीत नाही, असलेल्या पकडीचा हिशेब ठेवते. वळणात मुळातच अवाजवी वेगाने शिरलेल्या गाडीला ती वाचवू शकत नाही, आणि झिजलेल्या टायरला नवे करू शकत नाही.

मग बंद करण्याची सोय कशासाठी?

पहिले कारण अगदी साधे आहे. गाडी चिखलात वा वाळूत रुतली असता चाकाने थोडे फिरून सैल थर बाजूस सारणे आवश्यक असते. ट्रॅक्शन कंट्रोल प्रत्येक वेळी शक्ती तोडते आणि गाडी तेथेच तडफडत राहते. अशा वेळी बटण दाबावे, सावकाश गाडी बाहेर काढावी आणि लगेच पूर्ववत करावे. कोकणातल्या पुळणीवर अडकलेल्या पर्यटकांना हे ठाऊक असते तर पुष्कळ दोर वाचले असते.

दुसरे कारण शर्यतीचा बंदिस्त मार्ग. टायर सर्वाधिक पकड देतो तो काहीसा घसरत असतानाच, साधारण दहा ते वीस टक्के घसरणीला. रस्त्यासाठी जुळविलेली व्यवस्था त्याआधीच शक्ती कमी करते, त्यामुळे कुशल चालकास ती अडसर वाटते. फॉर्म्युला वनमध्ये यावरून बराच खल झाला. १९९४ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आली, २००१ च्या स्पॅनिश शर्यतीपासून ते पुन्हा मान्य झाले आणि २००८ पासून सर्वांना एकच प्रमाणित संगणक देऊन ते पुन्हा काढून टाकण्यात आले. आक्षेप सुरक्षिततेचा नव्हता; यंत्र चालकाचे कौशल्य झाकते, हा होता. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याने दोन्ही राजवटी अनुभवल्या. २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून तो ही सोय मान्य असताना धावला आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, पहिल्या भारतीय ग्रां प्रीमध्ये, ती नसताना. या दर्जाच्या चालकाचा पाय वर्षानुवर्षे कार्टिंगपासून घडलेला असतो. कोल्हापूरच्या कार्टिंग मार्गावर मुले ज्या छोट्या गाड्या चालवितात त्यांत यांपैकी कोणतीच मदत नसते. चूक झाली तर गाडी गोल फिरते आणि टायरांच्या भिंतीशी थांबते. सार्वजनिक रस्त्यावर अशी भिंत नसते.

ग्राहकाने आणखी एक पान वाचावे, ते विमा पॉलिसीचे. मोटार विम्याच्या प्रचलित पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि आयोजित शर्यत व वेगचाचणी हे उपयोग त्यातून वगळलेले असतात. बटण बंद केल्याने विमा संपतो असे नव्हे. पण बंदिस्त मार्गावर शर्यतीत उतरून झालेले नुकसान विमा कंपनी नाकारू शकते. गाडी बँकेकडे तारण असली तरी हप्ते चालूच राहतात. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

बहुतेक उत्पादकांनी या बाबतीत चालकावर फारसा विश्वास टाकलेला नाही. रात्री बटण बंद ठेवून गाडी उभी केली, तरी सकाळी इंजिन सुरू होताच डॅशबोर्डवरील तो दिवा क्षणभर उजळून विझतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल मालकाला न विचारता पुन्हा कामावर रुजू झालेले असते.